सोपं आहे गं!

घरात नववीतली मुलगी असेल तर तिने संध्याकाळी सातनंतर भूमितीची वही हॉलमध्ये उघडू नये. स्वयंपाकघरात उघडावी, गच्चीवर उघडावी, अगदीच जमलं नाही तर मैत्रिणीकडे जावं. हॉलमध्ये वही उघडली की घरातला प्रत्येक कर्ता पुरुष टीव्हीचा आवाज कमी करतो, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतो आणि म्हणतो, "सोपं आहे गं!"

माझं निरीक्षण असं आहे की हे म्हणणाऱ्याने तोपर्यंत गणित वाचलेलं नसतं. वाचल्यावर तो "बघू बघू" म्हणतो. मग पेन्सिल मागतो. मग खोडरबर मागतो. मग पुस्तक उजेडात धरून "छापायची चूक दिसतेय" असा संशय व्यक्त करतो. आणि सगळे रस्ते बंद झाले की अब्रूनिशी उठण्यासाठी म्हणतो, "आमच्या वेळी वेगळी पद्धत होती." समद्विभुज त्रिकोण युक्लिडपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण ३०० पासून, जसाच्या तसा आहे. पण आमचे दादा दहावीला होते त्या वर्षी तो वेगळा होता.

"मला येत नाही" हे वाक्य मी कुठल्याही घरात ऐकलेलं नाही. माझ्या तोंडून तर नाहीच. मुलीने पाचवीत लसावि विचारला तेव्हा मला अचानक दूध आणायचं आठवलं होतं. सातवीत तिने ऋण संख्यांचा गुणाकार विचारला, वजा गुणिले वजा अधिक का होतं, तेव्हा मी तिला "आधी पाठ कर, अर्थ पुढे कळतो" असं सांगितलं. गीतेबद्दल मला माझ्या आजोबांनी हेच सांगितलं होतं. दोन्हींचा अर्थ अजून वाटेत आहे.

तर त्या संध्याकाळचा गृहपाठ असा होता : समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरील कोन समान असतात हे सिद्ध करा.

मी आकृती पाहिली. दोन्हीकडचे कोन सारखे होते. आंधळ्यालाही दिसावेत इतके सारखे होते.

"दिसतंय की," मी म्हणालो.

"बाबा, कारणाच्या रकान्यात 'दिसतंय' असं लिहिता येत नाही."

"का?"

"बाई म्हणतात, आकृतीवर विश्वास ठेवायचा नाही."

"मग काढायची कशाला?"

"आकृतीला एक गुण असतो."

या खुलाशावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. माझी भूमितीशी जुनी तक्रार हीच आहे. जे सगळ्या जगाला दिसतं ते इथे सिद्ध करावं लागतं. बीजगणितात नेमकं उलटं. तिथे जे कुणालाच दिसत नाही ते पहिल्याच ओळीत 'समजा' म्हणून मानायचं आणि पुढे चालू लागायचं. एका विषयात इतका संशय आणि दुसऱ्यात इतका भोळेपणा असताना दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात कशी नांदतात कोण जाणे.

भूमितीचा हा संशय आमच्या घरात फक्त सासऱ्यांना समजतो. ते महसूल खात्यातून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. काउंटरपलीकडचा माणूस त्यांना ओळखतो, नमस्कार करतो, गुडघ्यांची चौकशी करतो, आणि मग ते जिवंत असल्याचा पुरावा मागतो. सासऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही. "दिसणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं," असं ते म्हणतात. युक्लिड आमच्या तहसील कचेरीत सहज खपून गेला असता.

मी स्वतः भूमिती पाठ केलेली आहे. समजलेली नाही, पाठ केलेली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार मथळे डाव्या बाजूला लिहून खाली अधोरेखित करायचे, एवढ्यावर मास्तरांचं निम्मं समाधान व्हायचं. प्रमेयं मला घडाघडा येत. अट एकच, त्रिकोणाचं नाव अबक असावं. वर्षभर मी त्या अबकला वाढवला, त्याच्या बाजू जपल्या, कोन ओळखीचे केले. आणि परीक्षेत त्यांनी लमन दिला. ल हा अ आहे की क, न कुणाच्या जागी आला, याचा तपास लागेपर्यंत शेवटची घंटा झाली. पुढे आयुष्यात साहेब बदलले की मला असंच व्हायचं.

असो. तर मी "दिसतंय की" म्हणून बसलेलो असताना दादा आले. दादा बँकेतून स्वेच्छेने निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून ते सगळीकडे स्वेच्छेनेच येतात. त्यांनी वही पाहिली आणि ते तीन मंगल शब्द उच्चारले. पाठोपाठ आतून सासरे आले. आणि जिन्यात आवाज ऐकून शेजारचे साहेब आले. साहेब पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते. त्यांच्या कारकिर्दीत बांधलेला कालवा अजून गावापर्यंत पोचलेला नाही, पण काटकोनाबद्दल त्यांची मतं ठाम आहेत.

"वरच्या कोनाचा दुभाजक काढ," दादा म्हणाले. "कोन निम्मा करायचा. मग दोन त्रिकोण झाले. बाकोबा कसोटी. संपलं."

"दुभाजक कशाला?" सासरे म्हणाले. "खालच्या बाजूची वाटणी करा. मध्यबिंदू घ्या, तिथून वर रेघ मारा. मध्यगा. दोन्ही भावांना निम्मा पाया. बाबाबा कसोटी."

"दोघंही चुकताय," साहेब खुर्ची ओढत म्हणाले. "वरून ओळंबा सोडा. सरळ लंब. कर्णभुजा कसोटी. साइटवर आम्ही असंच करायचो."

वास्तविक तिघांपैकी कोणाचंही ऐकलं असतं तरी पाच मिनिटांत सिद्धता झाली असती. पण मोठी माणसं पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टीसाठी जमत नाहीत. दादांनी सांगितलं की पुस्तकात दुभाजकच आहे. साहेबांनी पुस्तकं लिहिणारे कधी साइटवर गेलेत का असं विचारलं. सासऱ्यांनी एका गटनंबरच्या मोजणीची हकिगत काढली. तिच्यात दोन सख्खे भाऊ होते, एक बांध होता आणि शेवटी जिल्हा न्यायालय होतं. त्रिकोण मात्र नव्हता. मग तिघांनी तीन कागद घेतले, एकाच मापाचा त्रिकोण काढला आणि प्रत्येकाने आपापली रेघ मारली. साहेबांनी खिशातल्या पेनाने मारली, कारण पेन्सिलीने मारलेल्या रेघेला ते रेघ समजत नाहीत.

कन्येने तीनही कागद एकावर एक ठेवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले.

"एकच रेघ आहे," ती म्हणाली.

खरंच एकच होती. समद्विभुज त्रिकोणात दुभाजक, मध्यगा आणि लंब ही एकाच रेघेची तीन नावं असतात. तीन सुशिक्षित माणसं मघापासून एकाच रेघेवरून भांडत होती. एखाद्याला यातून काही वाटलं असतं. साहेबांना वाटलं ते असं : "पण ती आधी मी म्हणालो." दादा म्हणाले, "योगायोग असेल. हे आधी सिद्ध करावं लागेल."

"दिसतंय की, काका," कन्या म्हणाली.

मला मुलीचा अभिमान वाटला. या घराण्याची काहीतरी परंपरा तिने उचलली होती.

नंतर तिने आणखी एक आगाऊपणा केला. कागदाचा त्रिकोण कापला, उलटा केला आणि पहिल्या त्रिकोणावर ठेवला. "रेघ मारायलाच नको. उलटा करून स्वतःवरच ठेवला तरी बसतो. म्हणजे हा कोन त्या कोनावर गेला, म्हणजे सारखे." तिघांनीही एकमुखाने विरोध केला. इतका वेळ एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं अशा वेळी चटकन एक होतात. "रचना कुठाय?" "असं चालत नाही." "गुण जातील!" वास्तविक अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात हेच सांगितलं होतं. त्रिकोणाची तुलना त्याच्या स्वतःच्याच उलट्या रूपाशी करा, बाकोबा लावा आणि मोकळे व्हा. पॅपस त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये असता तर त्याच्याही हातात आम्ही खोडरबर दिलं असतं.

हेच प्रमेय युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात पाचवं आहे. मध्ययुगीन युरोपात त्याला गाढवांचा पूल म्हणायचे, कारण मठ्ठ विद्यार्थी तिथवर येऊन अडत. युक्लिडची एकूण पुस्तकं तेरा. म्हणजे आम्ही चौघं, मिळून दीडशे वर्षांहून अधिक नोकरीचा अनुभव गाठीला असलेले, पहिल्याच पुस्तकातल्या पुलाच्या अलीकडे उभे होतो आणि पूल कुठल्या खात्याच्या अखत्यारीत येतो यावर चर्चा चालू होती.

इजिप्तचा राजा टॉलेमी याने युक्लिडला विचारलं होतं म्हणे, की भूमिती शिकायला काही जवळचा रस्ता आहे का? युक्लिड म्हणाला, राजासाठी म्हणून वेगळा रस्ता नाही. बिचाऱ्याला क्लासचा धंदा कळला नव्हता. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर तो रस्ता आहे, त्याची फी आहे आणि दोन हप्त्यांत भरायची सोयही आहे.

आता कंपासपेटीबद्दल बोललंच पाहिजे. ही वस्तू जून महिन्यात भरलेली असते आणि ऑगस्टमध्ये तिच्यात पट्टीचा अर्धा तुकडा, चिंचोके आणि पासची झेरॉक्स एवढंच उरतं. शाळेत माझ्या कंपासच्या टोकाने बाकावर जितकी नावं कोरली गेली तितकी वर्तुळं कागदावर निघाली नाहीत. निघाली त्यातलं एकही जिथे सुरू झालं तिथे संपलं नाही. स्क्रू ढिला असायचा, आणि वर्तुळ फिरून येईपर्यंत त्रिज्या वाढलेली असायची. गावातल्या सोसायटीच्या कर्जावरचं व्याज वाढायचं, त्याच चालीने. कोनमापकाचं मधलं भोक कशासाठी असतं हे मला कळायच्या आधीच तो हरवायचा. आणि दोन गुण्ये. पेटीत दोन गुण्ये का असतात? एक तीस-साठचा आणि एक पंचेचाळीसचा. माझ्या सगळ्या शालेय आयुष्यात ते पेटीतून बाहेर निघाले नाहीत. दहावीनंतर पेटी धाकट्या भावाला दिली तेव्हा गुण्यांवरची चकाकी तशीच होती, आणि त्यानेही ती जपली.

गुण्याचा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला तो घराच्या बाथरूमची फरशी बसवताना. गवंड्याने कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरली. पाच फूट भरायला हवी होती.

"साहेब, तुमची भिंत गुण्यात नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाच फूट दोन इंच येतंय. फरशी तिरकी दिसणार."

"नऊ अधिक सोळा पंचवीस," मी लगेच म्हणालो. "पायथागोरस!"

"कोण?"

"काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग..."

"ते असू दे. भिंत तासू का तशीच ठेवू?"

पायथागोरसने याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. भिंत तशीच ठेवली. आजही अंघोळ करताना मला आमच्या घरातला विशालकोन दिसतो. तो सिद्ध करावा लागत नाही.

भूमिती संपेपर्यंत चहा झाला आणि मंडळी बीजगणितावर आली. कन्येने पुस्तक मिटायचा प्रयत्न केला होता, पण दादांनी पान धरून ठेवलं. गणित असं : वडिलांचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते तिच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वयं काढा.

"बापाला वय विचारायचं सोडून समीकरण कशाला मांडायचं?" सासूबाईंनी आतून विचारलं. या प्रश्नाला गणितशास्त्राने अजून समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

दादांनी मांडलं : समजा मुलीचं वय क्ष. वडिलांचं ३क्ष. बारा वर्षांनी ३क्ष + १२. हे बरोबर २क्ष + १२. दोन्हीकडचे बारा गेले, ३क्ष बरोबर २क्ष, म्हणून क्ष बरोबर शून्य. मुलीचं वय शून्य. वडिलांचं शून्याच्या तिप्पट, तेही शून्य. बापलेक एकाच दिवशी जन्माला आली होती. कंसातल्या दुसऱ्या पदाला दोनाने गुणायचं राहिलं होतं एवढंच, पण दादांनी उत्तर मागे घेतलं नाही. "तिप्पट होतंय ना? मग झालं," ते म्हणाले. कर्जप्रकरणं मंजूर करणाऱ्या माणसाला ताळा जुळल्याशी मतलब.

मी माझ्या पद्धतीने केलं. ३क्ष + १२ बरोबर २क्ष. क्ष इकडे आणला, बारा तिकडे नेले, उत्तर आलं वजा बारा. मुलगी अजून बारा वर्षांनी जन्मणार होती आणि तिचे वडील त्यानंतर चोवीस वर्षांनी.

"बाबा, तुम्ही वडिलांच्या वयात बारा मिळवले आणि मुलीच्या वयात मिळवलेच नाहीत."

"ती राहिली तेवढीच," आतून बायको म्हणाली. "यांना कायम तसंच वाटतं. परवा हिला फ्रॉक घ्यायला निघाले होते."

साहेब समीकरणाच्या भानगडीत पडले नाहीत. अंदाजपत्रक आधी ठरवून काम मागाहून बसवायची खात्याची पद्धत त्यांनी लावली. मुलगी दहा, बाप तीस. बारा वर्षांनी बावीस आणि बेचाळीस. "दोनच वर्षं कमी पडताहेत. एवढं चालतं," ते म्हणाले आणि सही करायला पेन काढलं.

"बारा," सासूबाई म्हणाल्या.

सगळे वळले. कन्येने ताळा केला. मुलगी बारा, वडील छत्तीस. बारा वर्षांनी चोवीस आणि अठ्ठेचाळीस. बरोबर दुप्पट.

"आजी, कसं काढलंस?"

"काढायचं काय त्यात? गणितात दुसरा आकडा आहे कुठला?"

बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हा बीजगणितातला नियम महाराष्ट्रातल्या मुलांना समजावताना शिक्षकांना पूर्वी काही त्रास पडत नसावा. हल्लीच्या मुलांचा गोंधळ होतो. बाजू बदलताना चिन्हही बरोबर नेता येतं असं त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. आणि ते 'बरोबर'चं चिन्ह. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या गृहस्थाने १५५७ साली दोन समांतर रेघा मारून ते छापलं. जगात कुठल्याही दोन वस्तू याहून अधिक सारख्या असू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने दोन जावांना दिवाळीला सारख्या किमतीच्या साड्या आणून पाहायला हव्या होत्या. आमच्या आईने एकदा आणल्या. डावी बाजू आणि उजवी बाजू यांचा वाद पाडव्यापर्यंत चालला होता.

इतकं सगळं झाल्यावर मराठी मंडळींनी इतिहासात शिरायचं असतं, त्याप्रमाणे दादा शिरले. "हे सगळं आपलंच आहे. पायथागोरसच्या आधी आपला बौधायन. यज्ञवेदी मांडताना दोरीने मोजायचे."

हे खरं आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णाचा नियम आहे. पण मी पाहिलंय, बौधायनाचं नाव सहसा गणित अडल्यावर निघतं. उत्तर आलं तर कोणाला तो आठवत नाही.

सासऱ्यांची काही वर्षं नोकरी चाळीसगाव तालुक्यात झाली होती, त्यामुळे त्यांनी भास्कराचार्य काढले. चाळीसगावजवळच्या पाटण गावी शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला असं त्यात कोरलंय. "नातवाने! आजोबांसाठी!" असं म्हणून सासऱ्यांनी नातीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. नात टेबलाखाली खोडरबर शोधत होती.

भास्कराचार्यांचं मला एक आवडतं. ११५० साली लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात क्ष आणि य नाहीत. अज्ञात राशींना त्यांनी रंगांची नावं दिलीत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. सासूबाईंना हे एकदम पटलं. "क्ष म्हटलं की काही डोळ्यांपुढे येत नाही. निळं म्हटलं की येतं." मला मात्र 'समजा मुलीचं वय काळं' हे मुलीच्या बाईंना कसं समजावायचं ते कळेना.

भास्कराचार्यांच्याच लीलावतीतलं एक गणित सासऱ्यांना अर्धंमुर्धं आठवत होतं, कन्येने ते मोबाइलवर शोधून वाचलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबापासून सत्तावीस हातांवर साप, बिळाकडे निघालेला. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघं सारखंच अंतर जातात. तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

कन्येने पायथागोरस लावून गणित मांडायला घेतलं. इकडे चर्चा सुरू झाली.

"मोर तिरका का जातोय?" दादांनी विचारलं. "बीळ त्याच्या पायाखाली आहे. साप येणार तिथेच. बसून राहायचं की!"

"थांबला आणि साप बिळात गेला तर?" सासरे म्हणाले. "ताबा गेल्यावर मग मोर काय करणार?"

"साप इतका सरळ रेषेत येत नाही," साहेब म्हणाले. "वळणं धरा. वीस टक्के जास्त धरा."

"बारा," कन्या म्हणाली.

"परत बारा?" सासूबाई आतून म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात खात्रीशीर समाधान होतं.

मग अर्जुनाच्या बाणांचं गणित निघालं. त्याने जितके बाण घेतले त्यातल्या निम्म्यांनी कर्णाचे बाण अडवले, सगळ्यांच्या वर्गमुळाच्या चौपटीने घोडे मारले, सहांनी शल्याला गाठलं, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य उडवलं, एकाने कर्णाचं शिर. एकूण बाण शंभर. पन्नास, चाळीस, सहा, तीन, एक. हिशेब चोख आहे. पण भर युद्धात वर्गमूळ काढून त्याची चौपट करणाऱ्या माणसापुढे कर्णाचा निभाव कसा लागणार? "एका बाणात काम होत होतं," साहेब म्हणाले. "नव्याण्णव बाणांचं बिल कुणी पास केलं?"

शेवटी कन्येने वही ओढून घेतली आणि सिद्धता स्वतःच्या हाताने लिहून काढली, पुस्तकातल्यासारखी, दुभाजक काढून. दादांना वाटलं आपण जिंकलो. हल्ली परीक्षेत निम्म्या सिद्धता छापूनच येतात, मधे चौकटी मोकळ्या सोडलेल्या. 'चौकटी भरून कृती पूर्ण करा.' मुलं आजूबाजूचे शब्द बघून चौकट भरतात. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. मी गेली कित्येक वर्षं आयकराचं विवरणपत्र असंच भरतो.

गृहपाठ तपासून आला त्या दिवशी तिघंही आमच्याकडे योगायोगाने हजर होते. तीनपैकी दोन गुण.

"कुणाचा गेला?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी आकृतीला लाल गोल करून लिहिलं होतं : आकृती पेनाने काढू नये. घाईच्या वेळी कन्येने साहेबांचाच कागद वहीला चिकटवला होता. दादा काही बोलले नाहीत, फक्त साहेबांच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले. साहेब म्हणाले की रेघ बरोबर होती. शाईचा प्रश्न हा भांडार विभागाचा.

पुढचे धडे कन्या मैत्रिणीकडे जाऊन करते. तिथे मैत्रिणीचे वडील जहाजावर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात. अभ्यास चांगला होतो म्हणे. आमच्याकडची बैठक मात्र थांबलेली नाही. काल वर्तुळाचा धडा होता. कन्या कंपासपेटी घेऊन गेलेली, म्हणून दादांनी जेवणाचं ताट कागदावर उपडं घातलं आणि कडेने पेन्सिल फिरवली. वर्तुळ असं सुरेख आलं की दादांनी ते लांब धरून पाहिलं. मग साहेब म्हणाले, "आता त्रिज्या मोजा."

"कुठून?"

"केंद्रापासून."

"केंद्र कुठाय?"

तिघं कागदावर वाकले. सासऱ्यांनी डोळ्यांच्या अंदाजाने एक टिंब दिलं. साहेबांनी शेजारी दुसरं दिलं. दादांनी ताट परत उपडं घालून मधोमध बोट दाबून पाहिलं.

"दोन जीवा काढून त्यांचे लंबदुभाजक..." मी सुरुवात केली, कारण मुलीच्या पुस्तकात मी ते आदल्या रात्री चोरून वाचलं होतं.

"सोपं आहे रे!" तिघं एकदम म्हणाले. "तू मधे बोलू नकोस."

आतून बायकोचा आवाज आला. "ते ताट मोकळं झालं का? पोळ्या गार होताहेत."

"पाच मिनिटं," दादा म्हणाले. "आणि वहिनी, जरा खोडरबर!"